ऐब सांगून विकलेली गाडी

जुनी गाडी घेणे म्हणजे दुसऱ्याच्या सवयी विकत घेणे. नवी गाडी सगळ्यांची सारखीच असते. जुन्या गाडीचा क्लच मात्र कुणाच्या तरी पायाने झिजलेला असतो, सीटला कुणाच्या तरी बसण्याचा खळगा पडलेला असतो आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात कुणाचे तरी टोलचे जुने कागद सापडतात. म्हणून जुनी गाडी बघायला जाताना लोक आधी माणूस बघतात आणि मग गाडी. आम्हीही तसेच केले.

आमच्या घरात चार चाके आली ती अम्मींच्या गुडघ्यांमुळे. सासूबाईंना आम्ही अम्मीच म्हणतो. स्कूटरवर मागे बसणे त्यांना तीन वर्षांपूर्वीच अशक्य झाले. कोंढव्याहून दवाखान्यात जायचे तर रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबते आणि तिथपर्यंत चालताना अम्मी चार ठिकाणी भिंतीला हात लावून उभ्या राहतात. कर्ज काढले तर नवी गाडी येऊ शकत होती. पण व्याजाची गाडी दारात नको, असे आम्हा दोघांचे आधीपासून ठरलेले. भिशीचे, शिलकीचे आणि सुट्टीतल्या शिकवण्यांचे असे चार वर्षांत जमलेले पैसे होते. तेवढ्यात जुनी गाडीच बसत होती. हे पैसे बुडाले तर पुन्हा चार वर्षे, आणि अम्मींच्या गुडघ्यांना तेवढी सवड नव्हती. ही गोष्ट किरकोळ दुरुस्त्यांची असली तरी आमच्यासाठी ती किरकोळ का नव्हती, हे वाचकांच्या लक्षात यावे म्हणून एवढे सांगितले.

2025 च्या मार्चअखेर सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त गृहस्थांची गाडी बघायला गेलो. 2013 ची, पेट्रोलवर चालणारी, पाच दारांची छोटी गाडी. चाललेली 41 हजार किलोमीटर. बनावटीचे नाव सांगत नाही, कारण पुढे जी दुखणी येणार आहेत ती वयाची आहेत. काका पंच्याहत्तरीचे. मुलगा परदेशात, डोळ्यांचे ऑपरेशन झालेले, त्यामुळे गाडी चालवणे डॉक्टरांनी बंद केलेले. त्यांनी आम्हाला गाडी दाखवण्याआधी एक कागद हातात दिला. कॅलेंडरच्या पानाच्या कोऱ्या बाजूवर, शाईपेनने, ठळक आकडे घालून लिहिलेला.

“आधी हे वाचा, ताई,” ते म्हणाले, “मग गाडी बघा. नंतर कटकट नको.”

कागदावर लिहिले होते: एक, मागची डावी काच चढताना अडते. दोन, हॉर्न कधी वाजतो, कधी वाजत नाही. तीन, उजवा ब्रेकचा दिवा लागत नाही. चार, हँडब्रेक फार वर ओढावा लागतो. पाच, वायपर काचेवर रेघा ओढतात. सहा, बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवा थर जमतो. सात, डिक्कीचे झाकण वर राहत नाही, काठी लावावी लागते. काठी गाडीसोबत मिळेल. आणि खाली, खास पेठेतली, ‘टीप’: टायर 2019 चे आहेत. नक्षी शिल्लक असली तरी पुढच्या वर्षी बदलावेत.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. पहिला विचार आला तो हा की इतके स्वच्छ प्रगतिपुस्तक आम्ही सुद्धा लिहीत नाही. बी. एड.ला असताना नैदानिक कसोटी आणि उपचारात्मक अध्यापन असे दोन भारदस्त शब्द पाठ केले होते. मूल कुठे अडते ते आधी नेमके शोधायचे आणि मग तेवढेच शिकवायचे, असा त्यांचा साधा अर्थ. काकांची यादी म्हणजे गाडीची नैदानिक कसोटीच होती. व्यवहार 1,85,000 रुपयांना ठरला. काठीसकट.

नाव बदलण्याच्या कामाला संगम पुलाजवळच्या आरटीओत जाणे झाले. फॉर्म 29, फॉर्म 30, विमा, पीयूसी, दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती. गाडी 1 एप्रिल 2019 च्या आधीची, म्हणून नव्या पद्धतीची सुरक्षित नंबर प्लेटही बसवून घ्यावी लागणार होती. गाडी आपल्याकडे आल्यापासून 14 दिवसांच्या आत विमा कंपनीलाही कळवायचे असते. हे बरेच जण विसरतात आणि मग अपघाताच्या वेळी धावपळ करतात. या सगळ्या कागदांवर इंजिनाचा नंबर होता, चॅसिसचा नंबर होता, काकांच्या आणि आमच्या सह्या होत्या. गाडीला काय झाले आहे, असे विचारणारा रकाना मात्र एकाही फॉर्मवर नव्हता. तो रकाना फक्त कॅलेंडरच्या पानावर होता.

आरटीओकडे जाताना शाहीर अमर शेख चौक लागतो. मेहबूब हुसेन पटेल या नावाने जन्मलेला बार्शीचा हा पोरगा संयुक्त महाराष्ट्राचा आवाज झाला. आमच्या वर्गात मराठीच्या तासाला त्यांचे नाव घेतले की मुले उगाच ताठ बसतात. त्याच चौकाजवळ वर्षानुवर्षे बुधवारी आणि रविवारी भरत आलेला पुण्याचा जुना बाजार. पाने, स्क्रू, बंद घड्याळे, पितळेची भांडी, एका पायाचे बूट. तिथला कायदा दोन शब्दांचा: बघून घ्या. घरी नेल्यावर घड्याळ बंद पडले तर विकणाऱ्याचा काही संबंध नाही.

गंमत अशी की देशाचा कायदाही बराचसा जुन्या बाजारासारखाच बोलतो. 1930 चा मालविक्रीचा कायदा गिऱ्हाइकालाच सांगतो की वस्तू पारखून घेण्याची जबाबदारी सर्वसाधारणपणे तुझी. त्याहून जुना, 1872 चा कराराचा कायदा. त्याच्या सतराव्या कलमात घोड्याचे उदाहरण आहे. एकाने लिलावात घोडा विकला, घोड्यात खोट आहे हे त्याला ठाऊक होते, पण तो काहीच बोलला नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला, “तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निरोगी आहे असे मी धरतो,” तर मग गप्प बसणे हेही बोलणेच समजले जाते. म्हणजे परक्याशी गप्प राहिलेले चालते, लेकीशी गप्प राहिलेले चालत नाही.

आपल्या घरातल्या मुलांना याबाबतीत दुसरा धडा शिकवलेला असतो. मदीनेच्या बाजारातल्या धान्याच्या ढिगाची हदीस मकतबातल्या पोरांनाही माहीत असते. हुजूरांनी ढिगात हात घातला तर आतले धान्य ओले लागले. व्यापारी म्हणाला, पाऊस लागला. तर ओले धान्य वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी त्याला विचारले. फिकहमध्ये त्यावरून खियार-ए-ऐब नावाचा हक्क आहे. व्यवहाराच्या आधीचा, न सांगितलेला दोष नंतर निघाला तर घेणाऱ्याने माल परत करावा. इथे मुलगी आणि परका असा भेद नाही. सदाशिव पेठेतल्या काकांनी ही हदीस कधी ऐकली असेल असे वाटत नाही. पण त्यांनी ओले धान्य वर ठेवले होते.

आता दुरुस्तीकडे येतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही गाड्या बनवणाऱ्यांची शहरे म्हणून जगाला माहीत. पण बनलेल्या गाड्या चालत ठेवणारे पुणे वेगळे आहे. ते नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांत आणि भवानी पेठेच्या गल्ल्यांत राहते. तिथल्या एका गॅरेजात आम्ही यादी घेऊन गेलो. गॅरेजच्या मालकाला सगळे उस्ताद म्हणतात. शाळेत आम्हालाही उस्तादच म्हणतात, पण तिथे उस्ताद एकच. त्याने यादी हातात घेतली, दोनदा वाचली आणि विचारले, “आपा, ये किसने लिखा?” विकणाऱ्याने, असे सांगितल्यावर तो हसला. “पच्चीस साल में पहली बार देखा.”

उस्तादच्या हाताखाली एक विशीतला मुलगा होता. उस्ताद त्याला स्क्रू ड्रायव्हर घेऊ देईना. “पहले देख, फिर सोच, फिर खोल,” हे त्याचे सूत्र. काच अडत होती ती मोटर खराब म्हणून नव्हे. काच ज्या रबरी खाचेतून सरकते तिच्यात बारा वर्षांची पेठेतली धूळ बसली होती. खाच पुसून सिलिकॉनचा फवारा मारला आणि काच सुरळीत चढली. हॉर्नचे पातेच ठीक होते. त्याची अर्थिंगची तार जिथे पत्र्याला जोडली होती तिथे गंज होता. घासून, कसून बसवली. ब्रेकच्या दिव्याच्या बल्बात दोन तारा असतात, रात्रीच्या दिव्याची 5 वॅटची आणि ब्रेकची 21 वॅटची. त्यातली ब्रेकची जळाली होती, म्हणून रात्री दिवा लागायचा आणि ब्रेक दाबल्यावर अंधार. हँडब्रेकची केबल कसली. बॅटरीच्या टोकांवर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ओतला, फसफसून थर निघाला, वर पेट्रोलियम जेली लावली. त्याचे पैसे उस्तादने घेतले नाहीत. वायपरचे रबर नवे. डिक्कीचे झाकण तोलून धरणारे गॅसचे दोन दांडे नाना पेठेतून आणले. टायरच्या कडेवरचे चार आकडे त्याने मुलाला वाचायला लावले: 3219. म्हणजे 2019 सालचा 32 वा आठवडा. टीप खरी निघाली. जाता जाता पेट्रोलच्या रबरी नळ्याही वाकवून पाहिल्या, कारण 2025 पर्यंत पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आले आणि जुने रबर त्याने लवकर खराब होऊ शकते. नळ्या ठीक होत्या. सातही कामांचे मिळून 2,160 रुपये झाले. काठी आम्ही टाकली नाही. अम्मींनी ती उतरताना टेकायला ठेवून घेतली.

इथे हा लेख संपला असता. पण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अम्मींना दवाखान्यातून आणताना त्या पुढच्या सीटवरून म्हणाल्या, “बेटा, मेरे पैर गीले क्यूँ हो रहे?” पाहिले तर डाव्या बाजूचा गालिचा चिंब. पाऊस नाही, पाण्याची बाटली सांडलेली नाही. हा दोष यादीत नव्हता.

त्या संध्याकाळी घरात जे बोलणे झाले ते लिहिणे भाग आहे. नात्यातले एक भाईसाहेब चहाला आले होते. त्यांनी दोन मिनिटांत निकाल दिला. सात किरकोळ दोष सांगून आठवा मोठा लपवण्याची ही जुनी रीत आहे, असे ते म्हणाले. इथपर्यंत बाजारातला शहाणपणा होता. मग ते पुढे गेले. “त्या पेठेतले लोक आपल्याला खरे सांगतील असे तुम्हाला वाटलेच कसे?” वाक्यातला ‘आपल्याला’ हा शब्द खोलीत बराच वेळ राहिला. शेजारी मुले बसली होती. आमच्या मोठ्याने विचारले, “कौन से लोग?” कुणीच उत्तर दिले नाही.

आम्ही एवढेच म्हणालो की आधी गाडी उस्तादला दाखवू. गाडीत पाणी कुठून येते हे कळायच्या आधी ते कुणाच्या मनातून येते हे ठरवायला नको. आपल्या वस्तीचे नाव ऐकून फोन ठेवणारे घरमालक आम्ही पाहिले आहेत. आपल्याला भेटायच्या आधीच आपल्यावर कुणी निकाल देऊन बसले की कसे वाटते, हे शिकायला आम्हाला बी. एड. लागले नाही. तोच निकाल आपण दुसऱ्याला द्यायचा, तर मग तक्रार कशाची करायची?

दुसऱ्या दिवशी उस्तादने आधी स्कॅनर लावला. त्यावर काहीच आले नाही. “मशीन इंजिन की बीमारी बताती है, घर की नहीं,” तो म्हणाला. मग त्याने मुलाला गालिच्यावर बोट फिरवून वास घ्यायला सांगितले. वाचकहो, तुमच्याही गाडीत असे झाले तर ही तपासणी लक्षात ठेवा. पाणी रंगीत, चिकट आणि गोडसर वासाचे असेल तर ते कूलंट असते, म्हणजे हीटरची जाळी फुटलेली असू शकते आणि काम मोठे आहे. पावसानंतरच येत असेल तर समोरच्या काचेखालून किंवा दाराच्या रबरातून झिरपते. पाणी स्वच्छ, बिनवासाचे आणि एसी चालू असतानाच येत असेल, तर एसीच्या थंड जाळीवर हवेतली वाफ जमून झालेले ते पाणी असते. ते एका लहान नळीने गाडीखाली ठिबकायला हवे. नळी तुंबली की ते आत उतरते. आमचे पाणी स्वच्छ होते, बिनवासाचे होते आणि आम्ही उन्हाळा सुरू झाल्यावर पहिल्यांदाच एसी लावला होता. मुलाने गाडीखाली निजून नळीत हवा मारली. धुळीचा आणि कुजलेल्या पानांचा एक बोळा बाहेर पडला आणि मागोमाग वाटीभर पाणी. 200 रुपये. गालिचा काढून दोन दिवस गच्चीत वाळवला.

काकांना फोन केला तो जाब विचारायला नव्हे. यादी त्यांची, तिच्यात भर पडली तर त्यांना कळावे, असे वाटले. आम्ही एसीचे नाव काढताच ते म्हणाले, “एसी? तो मी घेतल्यावर पहिल्या उन्हाळ्यात दोन वेळा लावला असेल. मायलेज खातो हो. आणि पुण्याच्या हवेला एसी कशाला लागतो?” मग पाण्याचे सांगितले. पलीकडे एकदम शांतता. नंतर ते अतिशय अस्वस्थ आवाजात म्हणाले, “म्हणजे माझ्या यादीत एक राहिलं. किती खर्च आला? मी पाठवतो.” नको म्हणून आम्ही दमलो. अखेर ते एका अटीवर राजी झाले: “मग आठव्या क्रमांकावर लिहून ठेवा. तारीख घाला. आणि आईंना सांगा, मला माहीत नव्हतं.” अम्मींना सांगितले. त्या म्हणाल्या, “बिचाऱ्याने बारा साल गरमी सही.”

भाईसाहेबांनाही ही हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि एसीच्या नळीविषयी चौकशी केली. बाकीच्याविषयी ते काही बोलले नाहीत. एका नळीने सगळे मोकळे होत नसते, हे आम्हालाही ठाऊक आहे.

पण ही यादी आमच्या डोक्यातून गेली नाही, त्याचे कारण शाळेत आहे. सहावीच्या वर्गात एक मुलगी मागच्या बाकावर बसते. फळ्यावरचे उतरवताना शेजारणीच्या वहीत बघते. तोंडी विचारले तर सगळे येते, लेखी परीक्षेत मागे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली 2013 पासून शाळांत मुलांची तपासणी होते. त्यात तिच्या डोळ्यांचा नंबर निघाला होता. चष्माही झाला होता. तो घरी कपाटात होता. आईला बोलावले तेव्हा तिने आवाज खाली आणून सांगितले, “आपा, आत्तापासून चष्मा दिसला तर उद्या रिश्ता कोण आणणार?” ती आई वाईट नव्हती. तिने आपल्या भोवतालचा बाजार पाहिलेला होता. तिथे ऐब सांगणाऱ्याचे नुकसान होते आणि लपवणाऱ्याचे निभावते, असा तिचा अनुभव होता.

मुलगी म्हणजे गाडी नव्हे आणि कमजोर नजर म्हणजे ऐब तर मुळीच नव्हे. पण लपवण्याची पद्धत तीच, आणि तिची किंमत देणारा तिसराच असतो. गाडीत अम्मींचे पाय भिजले. इथे बारा वर्षांच्या पोरीची चार वर्षे अंधुक गेली. कुणाचा दमा, कुणाची फिट, कुणाचे ऐकू न येणे, आपल्या मोहल्ल्यात असे कितीतरी गालिचे ओले आहेत आणि वरून चादर घातलेली आहे. त्या आईला आम्ही काकांच्या यादीची गोष्ट सांगितली. ती हसली, पटले असे म्हणाली नाही. पुढच्या सोमवारी मुलगी चष्मा घालून आली. सुट्टीत काढून दप्तरात ठेवते, घरी जाताना पुन्हा ठेवते. वर्गात मात्र डोळ्यावर असतो. सध्या ती दुसऱ्या बाकावर बसते.

गाडी आता रोज चालते. 2028 मध्ये तिला पंधरा वर्षे होतील, तेव्हा नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरावा लागेल. तोपर्यंत टायर बदललेले असतील. कॅलेंडरचे पान आम्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवले आहे. काकांच्या सात ओळींपुढे झालेल्या कामाची तारीख आणि रक्कम लिहिली. आठवी ओळ आमच्या अक्षरात. नववी गेल्या महिन्यात पडली: तिसऱ्या गिअरमध्ये चढावर पुढून बारीक आवाज येतो. उस्ताद म्हणाला, घाई नको, ऐकत राहा. अजून कारण सापडलेले नाही, म्हणून ओळीपुढची जागा कोरी ठेवली आहे. उद्या ही गाडी आमच्याकडून जो कुणी घेईल, तो कुठल्याही पेठेतला असो, त्याला किल्लीच्या आधी हे पान मिळेल.